अर्ज वाचणारा

वऱ्हाडातली जुनी माणसं तलाठ्याला आजही पटवारीच म्हणतात. ही पटवारकी एके काळी अर्ज करून मिळत नव्हती. गावची पाटीलकी आणि पटवारकी ही वतनं होती. बापामागे मुलगा, मुलगा नसेल तर जवळचा वारस. इंग्रजांनी १९०० साली खास वऱ्हाडासाठी पाटील-पटवाऱ्यांचा कायदा केला आणि ही वंशपरंपरा नियमांत बसवली. ज्या घरात वतन नाही त्या घरातल्या पोरानं, तो कितीही हुशार असला, तरी त्या कामाची आशा धरायची नसे. स्वातंत्र्यानंतर ही परंपरा मोडली. महसुली पाटलांची पदं तर महाराष्ट्र सरकारनं १९६२ साली कायदा करूनच रद्द केली.

आमचं तेल्हारा पूर्वी अकोट तालुक्यात होतं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेकडे उतरत जाणारा खारपाणपट्टा आणि मधे कापसाची काळी जमीन. हंगामात जिनात माणूस लागे, तो कुणाच्या तरी शब्दावर ठेवला जाई. सालदार गुढीपाडव्याला ठरे, तोही तोंडी. स्वतःबद्दल कागदावर लिहायचं आणि तो कागद एका अनोळखी माणसापुढे ठेवून काम मागायचं, ही रीत आमच्या भागात शाळेच्या पाठीमागून आली. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, बहुजनांची पोरं मॅट्रिक होऊ लागली, आणि मॅट्रिक झालेल्या पोराला पहिल्यांदाच एक गोष्ट लिहावी लागली: नोकरीचा अर्ज.

मी तेल्हाऱ्यात टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली. पुढे त्याच खोलीत कॉम्प्युटर आले आणि आता तिथेच ऑनलाइन फॉर्म भरले जातात. कागद, कार्ड आणि कॉम्प्युटर या तिन्ही काळांतले अर्ज माझ्या हाताखालून गेले. त्यातून माझी एक खात्री झाली आहे. प्रत्येक काळात अर्ज वाचणारा वेगळा होता, आणि तो कसा वाचतो हे ज्याला माहीत होतं त्याचा अर्ज पुढे सरकला. हे माहीत असणं म्हणजे काही गुणवत्ता नव्हे. ते कुणालाही तासाभरात शिकवता येतं. पण कुणी शिकवलं नाही, म्हणून आमच्याकडची चांगली पोरं परीक्षेला बसण्याआधीच मागे पडली.

पहिला वाचणारा म्हणजे साहेब. अर्ज फुलस्केप कागदावर, डावीकडे समास सोडून, शाईच्या पेनानं लिहायचा. वर 'सेवेशी', मग साहेबांचा हुद्दा, मग 'विषय' आणि 'महोदय'. शिक्षण दोन ओळींत संपे. बाकीचं पान घरच्या परिस्थितीनं भरलेलं असे: वडिलांची कोरडवाहू शेती, पाठची भावंडं, लग्नाची बहीण. शेवटी 'आपला आज्ञाधारक'. आज हे वाचताना अवघडल्यासारखं होतं, पण तो अर्ज एका माणसाच्या मनाला उद्देशून होता आणि त्या काळी त्याला तसाच अर्थ होता. हस्ताक्षर हीच पहिली परीक्षा. ज्याचं अक्षर वळणदार तो कारकुनीला लायक, असा सरळ हिशेब होता, कारण कारकुनाचं कामच हातानं लिहिण्याचं होतं. गावात ज्याचं अक्षर चांगलं, त्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेण्याची पद्धतही तेव्हाचीच. फॉर्म भरून देणारा माणूस हा काही इंटरनेटनं जन्माला घातलेला नाही.

दुसरा वाचणारा म्हणजे कार्डांचा ड्रॉवर. दुसरं महायुद्ध संपत असताना, १९४५ साली, सैन्यातून परतणाऱ्या जवानांना कामाला लावण्यासाठी सरकारनं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू केले. १९४८ पासून ते सगळ्यांसाठी खुले झाले आणि १९५६ च्या नोव्हेंबरात त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. १९५९ साली कायदा झाला: सरकारी कार्यालयांनी आणि पंचवीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांनी आपल्याकडच्या रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवायच्या. माणूस तिथूनच घ्यावा अशी सक्ती कायद्यात नव्हती, पण सरकारी नोकरीचा रस्ता वर्षानुवर्षं तिथूनच जात राहिला.

आमच्याकडे त्याला नुसतं 'एम्प्लॉयमेंट' म्हणत. दहावीचा निकाल लागला की गावात पहिला प्रश्न हाच, ''एम्प्लॉयमेंटमंधी नाव टाकलं काय बे?'' पोरं एसटीनं अकोल्याला जात, रांगेत उभी राहत, आणि संध्याकाळी खिशात एक कार्ड घेऊन परत येत. त्यावर नोंदणी क्रमांक, तारीख आणि नूतनीकरणाचा महिना असे. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करायचं. ते चुकलं की जुनी तारीख गेली, आणि तारीख गेली की ज्येष्ठता गेली. कितीतरी घरांत हे कार्ड देवघराच्या फळीवर रेशनकार्डाजवळ ठेवलेलं मी पाहिलं आहे.

उमेदवाराच्या हातात हे कार्ड असे, तसं त्याच्या नावाचं दुसरं कार्ड कार्यालयातल्या ड्रॉवरमध्ये असे. ते ड्रॉवर नावांप्रमाणे लावलेले नसत. उमेदवार काय काम करू शकतो त्यावरून त्याला एक आकडा दिला जाई. भारत सरकारनं १९५८ साली व्यवसायांचं राष्ट्रीय वर्गीकरण तयार केलं, १९६८ साली ते सुधारलं. त्यात टंकलेखकाचा आकडा वेगळा, जोडाऱ्याचा वेगळा, वीजतंत्र्याचा वेगळा. कामाचा अनुभव नसलेल्यांची शिक्षणाप्रमाणे निराळी वर्गवारी. एखाद्या कार्यालयाकडून टंकलेखकांची मागणी आली की कारकून तो आकडा असलेला ड्रॉवर ओढी, नोंदणीच्या तारखेप्रमाणे कार्डं काढी आणि तेवढ्यांनाच कॉल जाई. तुमच्या घरची परिस्थिती त्या कार्डावर नव्हती, तुमचं अक्षरही नव्हतं. होता तो आकडा आणि तारीख.

यंत्रानं उमेदवार निवडण्याची गोष्ट निघाली की मला हा ड्रॉवर आठवतो. माणसाचं सगळं शिक्षण एका खुणेत बसवायचं आणि त्या खुणेवरून त्याला शोधायचं, हे काम आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. टायपिंगची परीक्षा पास झालेला पोरगा सर्टिफिकेट घेऊन अकोल्याला गेला नाही, तर त्याच्या कार्डावर नुसतं 'एसएससी' राही. टंकलेखकांची मागणी आली तेव्हा त्याचं कार्ड बाहेर येतच नसे. त्याला टायपिंग येत होतं. ड्रॉवरला ते माहीत नव्हतं. म्हणून निकाल लागला की मी पोरांना आधी अकोल्याची गाडी पकडायला लावत असे.

१९९६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की एम्प्लॉयमेंटकडून नावं मागवण्याबरोबरच वर्तमानपत्रातून जाहिरात द्या, आणि जे थेट अर्ज करतील त्यांचाही विचार करा. कार्ड नसलेल्यांना दार उघडलं आणि ड्रॉवरचं वजन हळूहळू कमी झालं. जाहिराती वाढल्या. 'रोजगार समाचार' आणि अकोल्याची 'देशोन्नती' माझ्या इन्स्टिट्यूटच्या बाकावर असायचे. टायपिंगला न येणारी पोरंही ते वाचायला येत.

टायपिंग इन्स्टिट्यूटचा तो भराचा काळ. मशीन बहुतेक गोदरेजचं. गोदरेजनं १९५५ साली आपला पहिला टाइपरायटर काढला, तो संपूर्ण भारतीय बनावटीचा. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेसाठी मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी तीस, चाळीस शब्द मिनिटाला असे टप्पे. उतारा, पत्र आणि तक्ता. देवनागरी मशीनवर सगळी अक्षरं सुटी नसत, जागा नव्हती. ख, घ, ण, थ, ध, भ, श ही अक्षरं अर्धं अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांत बनत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. नव्या पोराला हे अंगवळणी पडायला महिना जाई, आणि एकदा पडलं की आयुष्यभर जात नसे.

संध्याकाळी बॅचेस संपल्यावर बायोडाटा टाइप करून घ्यायला लोक येत. त्याची एक पद्धत ठरलेली होती. वर मधोमध मोठ्या इंग्रजी अक्षरांत शीर्षक, प्रत्येक अक्षरामधे एक जागा सोडून. खाली रेघ. डावीकडे 'नाव', मग दोन टिंबं, मग मजकूर, आणि सगळी टिंबं एका उभ्या ओळीत आलीच पाहिजेत. शिक्षणाचा तक्ता, त्याला चारी बाजूंनी रेघा. खाली कार्बन घालून चार प्रती. चौथी फिकी निघायची, ती घरी ठेवायची. मग झेरॉक्स, त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का, पोस्टल ऑर्डर किंवा डीडी, तिकीट लावलेला स्वतःच्या पत्त्याचा लिफाफा. नुसत्या सहीशिक्क्यासाठी पोरं तहसीलच्या आवारात दुपारभर थांबत. २०१५ साली राज्य सरकारनं स्वतःची सही करून कागद खरा असल्याचं सांगण्याची मुभा दिली, तेव्हा ती पायपीट संपली. गरिबाच्या पोराच्या दृष्टीनं हा मोठा निर्णय होता. त्याची व्हावी तेवढी वाखाणणी झाली नाही.

आम्ही इकडे टिंबं एका ओळीत आणत होतो, तेव्हा अमेरिकेत तिसरा वाचणारा तयार होत होता. कॅलिफोर्नियात १९८८ साली रेझ्युमिक्स नावाची कंपनी निघाली. मोठ्या कंपन्यांकडे टपालानं अर्जांचे ढीग येत. ते स्कॅनरखाली घालायचे, चित्रातून अक्षरं ओळखायची, आणि त्या मजकुरातून उमेदवाराचं नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्यं आपोआप वेगळी काढून साठवायची, असं तिचं काम. मग अधिकाऱ्यानं हवे ते शब्द टाकायचे आणि ते शब्द ज्यांच्या अर्जात असतील त्यांची यादी पुढे यायची. १९९४ साली जॉइस लेन केनेडी आणि थॉमस मॉरो यांनी 'इलेक्ट्रॉनिक रेझ्युमे रिव्होल्यूशन' हे पुस्तकच लिहिलं. यंत्रासाठी अर्ज कसा लिहावा, याचे धडे तिकडे छापून मिळू लागले.

ते धडे असे: पांढरा कागद, एकाच बाजूला मजकूर. अक्षर साधं, दहा ते चौदा पॉइंटांचं. तिरकं अक्षर नको, अक्षराला चिकटणारी रेघ नको, चौकटी नकोत, दोन रकाने नकोत. कागदाची घडी घालू नका, कारण घडीवर आलेली ओळ स्कॅनरला वाचता येत नाही. टाचणी मारू नका. पहिल्या ओळीत फक्त नाव.

ही यादी मी पुढे कॉम्प्युटर शिकवताना पहिल्यांदा वाचली, तेव्हा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो. अक्षरांमधे जागा सोडलेलं शीर्षक हे स्कॅनरच्या लेखी एक शब्द नसून आठ-दहा सुटी अक्षरं. खालची रेघ अक्षराच्या पायाला चिकटते आणि अक्षर ओळखू येत नाही. चौकटीचा तक्ता म्हणजे गोंधळ. टायपिंगच्या पिढीनं ज्याला देखणेपणा मानलं तेच नव्या वाचणाऱ्याला अडत होतं. पण टायपिंगची शिस्त मात्र त्याला हवी तशीच होती: एकच ठसा, सरळ समास, स्वच्छ काळी अक्षरं, एकाखाली एक ओळ. आमच्याकडे शिकलेल्या पोरांना नुसतं सजावट काढायला सांगितलं की त्यांचा अर्ज यंत्राला वाचता येई.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं आणि १९९७ साली संजीव बिखचंदानी यांनी नोकरी डॉट कॉम सुरू केलं. तेल्हाऱ्याला त्याचा अर्थ कळला तो पुण्याला गेलेल्या पोरांमुळे. शेगावला १९८३ पासून गजानन महाराजांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथून शिकलेले हिंजवडीला, आयटीआयवाले चाकण-रांजणगावला. दिवाळीत घरी आले की ते रेझ्युमे दाखवायला आणत.

अशाच एका पोराचं काम मी हल्लीच केलं. आयटीआय झालेला, चाकणला एका कारखान्यात दोन वर्षं काढलेली. रेझ्युमेत अनुभवाखाली एकच ओळ, 'मशीन ऑपरेटर'.

''कोणत्या मशीनवर होता?''

''लेथवर, सर.''

''साध्या का सीएनसी?''

''सीएनसी. फॅनुकचा कंट्रोल होता.''

''प्रोग्राम कोण टाके?''

''टाकलेलाच राहे. पन ऑफसेट म्याच द्यायचो. ड्रॉइंग पाहून.''

''माप कशानं घ्यायचा?''

''मायक्रोमीटरनं. बोअर गेजनं.''

हे सगळं त्याच्या तोंडात होतं, कागदावर काहीच नव्हतं. सीएनसी टर्निंग, फॅनुक, टूल ऑफसेट, ड्रॉइंग वाचन, मायक्रोमीटर, बोअर गेज असे शब्द आम्ही लिहिले. त्यातला एकही वाढवून सांगितलेला नव्हता. कारखान्यानं जाहिरातीत हेच शब्द दिलेले असतात आणि यंत्र हेच शब्द शोधतं. शिवाय त्यानं रेझ्युमे कागदावर काढून मोबाइलनं फोटो घेतला होता आणि त्याची पीडीएफ केली होती. ते चित्र झालं. त्यातली अक्षरं ओळखण्याची सोय सगळ्याच यंत्रांत नसते. मूळ फाइलमधूनच पीडीएफ काढायची, एवढी एक गोष्ट सांगितली तरी अर्धं काम होतं.

मराठीत अर्ज करणाऱ्यापुढची अडचण याहून खोल आहे. कॉम्प्युटर आल्यावर आमच्याकडे कृतिदेवसारखे फॉन्ट आले, कारण त्यांचा कळफलक टाइपरायटरसारखाच होता आणि आमची बोटं त्यावर बसलेली होती. पण हे फॉन्ट मराठी नुसती दाखवतात. कृतिदेवमध्ये 'नाव' टाइप केलं तर फाइलमध्ये साठवली जातात इंग्रजी अक्षरं: यू, के, ओ. 'भ' म्हणजे मोठा एच आणि के. टाइपरायटरचे तेच दोन ठोके. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळा मजकूर अगम्य होतो, आणि शोधणाऱ्या यंत्राला तर तो कधीच मराठी दिसत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे; प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. तरीही आमच्या भागात कितीतरी दाखले आणि अर्ज अजून जुन्या फॉन्टांतच टाइप होतात. यंत्राला वाचता येईल अशी मराठी लिहायची, तर युनिकोडची सवय पहिलीपासून लावली पाहिजे.

महाराष्ट्रात २००१ साली एमकेसीएल म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं, कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यात निघाले आणि कारकुनाच्या जाहिरातीत त्या प्रमाणपत्राची अट आली. यांत्रिक टाइपरायटरवरची शेवटची सरकारी परीक्षा २०१७ च्या ऑगस्टमध्ये झाली. त्याच वर्षी सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षांसाठी महापरीक्षा पोर्टल आलं. उमेदवारांच्या इतक्या तक्रारी झाल्या की २०२० च्या फेब्रुवारीत ते बंद करावं लागलं. २०२३ साली तलाठ्यांची भरती निघाली. साडेचार हजारांच्या आसपास जागा, दहा लाखांहून जास्त अर्ज, खुल्या प्रवर्गाला हजार रुपये शुल्क, राखीव प्रवर्गाला नऊशे. जी पटवारकी कधी एका घराबाहेर जात नव्हती, तिच्यासाठी खारपाणपट्ट्यातल्या मजुराची मुलगी अर्ज करू शकली. ऑनलाइन पद्धतीवर कितीही राग असला तरी हे विसरता येणार नाही. शिफारस लागली नाही, अकोल्याची फेरी लागली नाही.

पण तिच्या वाटेत नवी काटेरी कुंपणं उभी राहिली. बँकांच्या परीक्षेचा फॉर्म घ्या. फोटो वीस ते पन्नास केबी. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं, दहा ते वीस केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा. त्याशिवाय स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, तेही मोठ्या अक्षरांत चालत नाही. एवढं सगळं यंत्रानं वाचायचं ठरल्यावरही शेवटी माणसाचं हस्ताक्षर मागितलं जातं, कारण परीक्षेला बसलेला तोच का, हे पडताळायचं असतं.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावर. आमच्याकडे वानखडे आहेत. बाहेरचा ऑपरेटर सवयीनं 'वानखेडे' टाइप करतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, जातीच्या प्रमाणपत्रावर इंग्रजीतलं तिसरंच रूप. साहेब किंवा एम्प्लॉयमेंटचा कारकून हे पाहून हसून सोडून देई. त्याला वऱ्हाडातली आडनावं माहीत होती. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. लग्न झालेल्या मुलींचं तर आणखी अवघड: दहावीला वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं. परगावी दिलेली मुलगी पदवीधर असते, अभ्यास केलेला असतो, आणि कागदपत्रं तपासताना तिला कळतं की नावबदलाचं राजपत्र हवं होतं. तोवर मुदत संपलेली असते.

म्हणून मला वाटतं, दहावीच्या वर्गात याचे काही तास असावेत आणि ते शाळेनंच घ्यावेत. गुणपत्रिका हातात पडल्या दिवशी नावातलं अक्षर न् अक्षर तपासायचं, आधार त्याप्रमाणे करून घ्यायचं. स्वतःचा ईमेल स्वतः काढायचा, त्याचा पासवर्ड सेंटरवाल्याजवळ ठेवायचा नाही. जाहिरात पूर्ण वाचायची आणि आपल्याला येणारं काम त्या जाहिरातीच्या शब्दांत लिहायचं, खोटं काही न लिहिता. मराठी युनिकोडमध्ये टाइप करायची. एवढं आलं तर पोराला माझ्या दुकानात पैसे मोजायला यावं लागणार नाही, आणि तसं झालं तर मला आनंदच आहे.

दुसरी मागणी भरती करणाऱ्यांकडे आहे, सरकारी आणि खाजगी दोघांकडेही. एम्प्लॉयमेंटच्या खिडकीवर निदान विचारता येई, ''साहेब, माया नंबर कुठलोक आला?'' आणि कारकून ड्रॉवर पाहून तारीख सांगे. आज कंपनीच्या यंत्रानं अर्ज बाजूला टाकला तर तो का टाकला, हे कुणीही सांगत नाही. ज्याला मार्क कमी पडले तो पुढच्या वर्षी जोमानं बसतो, कारण त्याला आपली उणीव कळलेली असते. ज्याचा अर्ज नुसता मुका राहतो, तो काही महिन्यांनी स्वतःलाच नालायक समजू लागतो. त्याचा फोटो मोठा होता, नाव जुळलं नाही, की अनुभव खरंच कमी पडला, हे एका ओळीत कळवायला यंत्राला काहीच वेळ लागत नाही. अर्ज नाकारण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, कारण सांगण्याचं कर्तव्यही त्याच्याकडेच असलं पाहिजे. वाचणारा माणूस असो की यंत्र, अर्जदाराला हे उत्तर हक्कानं मिळावं.